बँकॉकचं सर्टिफिकेट की सिव्हिल लाइन्समधलं मृत्युपत्र?

23 जानेवारी 2025 ला थायलंडमध्ये समलिंगी विवाहाचा कायदा लागू झाला आणि माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांचा प्रश्न बदलला. आधी विचारायचे, "आपल्याकडे कधी होईल?" आता विचारतात, "भाऊ, बँकॉकला जाऊन करूनच येऊ का?" मी टॅक्सची आणि मालमत्तेच्या कागदांची कामं करतो, त्यामुळे प्रेमाबद्दल माझं मत कोणी विचारत नाही. विचारतात ते हे, की कोणता कागद कुठे चालतो. तेवढंच इथे मांडतो. रस्ते तीन आहेत: परदेशात जाऊन लग्न करून परत येणं, नागपुरातच राहून कागद पक्के करणं, किंवा दोघांनी देश सोडणं.

आधी इथली जमीन कशी आहे ते पाहू. सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2018 च्या निकालाने समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या दंडविधानातल्या 377 सारखं कलमच नाही. म्हणजे पोलीस हा विषय कागदावर तरी संपला. लग्नाचा मात्र नाही. 17 ऑक्टोबर 2023 ला त्याच न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की लग्न करणं हा मूलभूत हक्क नाही. लग्नाऐवजी निदान नात्याला कायदेशीर मान्यता द्यायची का, यावर 3 विरुद्ध 2 अशी फूट पडली आणि तीही हुकली. फेरविचार याचिका जानेवारी 2025 मध्ये फेटाळल्या गेल्या. त्याच निकालातली एक गोष्ट लोक विसरतात: ट्रान्सजेंडर व्यक्ती स्त्री-पुरुष नात्यात असेल तर ती आजच्या विवाह कायद्यांखाली लग्न करू शकते. तुमच्यापैकी एक जण ट्रान्स असेल तर आधी हा दरवाजा ठोठावा, बँकॉकची तिकिटं नंतर बघा.

आता पहिला रस्ता. थायलंडमध्ये परदेशी माणसं लग्न करू शकतात, पण तिथलं जिल्हा कार्यालय तुमच्याच देशाच्या दूतावासाचा कागद मागतं, की हा माणूस लग्नाला मोकळा आहे. आपलं सरकार ज्या लग्नाला लग्नच मानत नाही, त्यासाठीचा कागद त्याच सरकारच्या दूतावासातून आणायचा! गाडी तिथेच अडू शकते. म्हणून हॉटेलवाल्याचं पॅकेज घेण्याआधी हा एक कागद मिळतो का ते विचारून घ्या. नेपाळचं प्रकरण वेगळं आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 27 जून 2023 ला अंतरिम आदेश दिला आणि 29 नोव्हेंबर 2023 ला लमजुंग जिल्ह्यात पहिली नोंद झाली. पण ती नोंद तात्पुरत्या स्वरूपाची, नेपाळी नागरिकांसाठीची. नागपूरच्या दोघांना तिचा उपयोग जवळपास शून्य. डेन्मार्क परदेशी जोडप्यांची लग्नं लावून देण्यात वाकबगार आहे आणि तिथे 2012 पासून समलिंगी विवाह आहेत, पण त्यासाठी आधी व्हिसा लागतो.

समजा झालं लग्न. सर्टिफिकेट घेऊन तुम्ही सोनेगावच्या विमानतळावर उतरलात, की कायद्याच्या दृष्टीने पुन्हा दोन अविवाहित माणसं झालात. बँक, विमा, वारसा, आयकर, कोणीच तो कागद बघणार नाही. मग करूच नये का? घरच्यांना बोलावून, फोटो काढून, मनासारखं करायचं असेल तर जरूर करा, पण त्यासाठी बँकॉकच लागतं असं नाही. डिसेंबर 2021 मध्ये नागपुरातच दोन महिला डॉक्टरांनी नातेवाईक आणि मित्रांसमोर अंगठ्या घातल्या होत्या. देशभर बातमी झाली आणि शहर काही कोसळलं नाही. परदेशी सर्टिफिकेटला खरा भाव येतो तो तिसऱ्या रस्त्यावर, त्याकडे येतोच.

दुसरा रस्ता कंटाळवाणा आहे आणि माझ्या मते सगळ्यांनी आधी तोच धरावा. तरुण पोरं इथेच तोंड वाकडं करतात. "आम्ही तिशीतले, मृत्युपत्र कशाला?" म्हणून सांगतो. अविवाहित हिंदू मुलगा मृत्युपत्र न करता गेला, तर त्याचं सगळं आईकडे जातं, आई नसेल तर वडिलांकडे. अविवाहित मुलीचं आई-वडील दोघांकडे. जोडीदार या यादीत कुठेच नाही, शेवटच्या ओळीतही नाही. दहा वर्षं एकत्र हप्ते भरलेला फ्लॅट एका तेराव्यानंतर हातचा जाऊ शकतो.

मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. कागद साधा चालतो. करणाऱ्याची सही, आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, तरी मी आग्रहाने करायला लावतो. दुय्यम निबंधकाच्या टेबलासमोर बसवून कॅमेऱ्याने फोटो काढतात, अंगठ्याचा ठसा घेतात, तारीख-वेळ पडते. उद्या काका म्हणाला की "त्याला फूस लावून सही घेतली", तर तो फोटो आणि ठसा उत्तर देतो. घरून विरोध असेल तर त्याच आठवड्यातलं डॉक्टरचं प्रमाणपत्रही जोडा, की हा माणूस शुद्धीत आणि स्वस्थ मनाने आहे. आणि आई-वडिलांना मृत्युपत्रात मुद्दाम काहीतरी ठेवा, निदान त्यांचा उल्लेख करून कारण लिहा. साफ वगळलेले नातेवाईक कोर्टात लवकर जातात. मुस्लिम जोडप्यांसाठी एक अडचण आहे: वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मृत्युपत्राने देता येत नाही. अशा वेळी घर सुरुवातीपासून दोघांच्या नावाने घेणं बरं.

नॉमिनी म्हणजे मालक, हा गैरसमज शिकलेल्या लोकांतही पक्का बसला आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये शेअर्स आणि डिबेंचरच्या बाबतीत पुन्हा स्पष्ट केलं की नॉमिनेशनने वारसाहक्क बदलत नाही. नॉमिनीच्या हाती पैसे येतात, पण वारस ते मागू शकतात. म्हणून नॉमिनेशन आणि मृत्युपत्र दोन्ही हवं, आणि दोन्हीत नाव एकच हवं. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात, तेव्हा आईचं नाव काढून भांडण ओढवून घेण्याऐवजी जोडीदाराचं नाव सोबत घालता येतं.

जॉइंट खातं उघडायला गेलात तर काय होतं ते एकदा पाहिलंय. सीताबर्डीतल्या एका बँकेत दोन मुली फॉर्म भरत होत्या. नातं लिहायच्या चौकोनापाशी काउंटरवरचा पोरगा थांबला आणि आतून साहेबांना बोलावलं. साहेब आले, चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "बहीण लिहा ना, काय फरक पडते?" पडतो. खोटं नातं लिहिलं की पुढे तोच फॉर्म तुमच्याविरुद्ध पुरावा होतो. अर्थ मंत्रालयाने 28 ऑगस्ट 2024 ला पत्रक काढून सांगितलंय की समलिंगी व्यक्तींना जॉइंट खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कोणतीही बंदी नाही. रिझर्व्ह बँकेनेही त्याआधी बँकांना हेच कळवलं होतं. मुलींनी पत्रकाची प्रिंट सोबत नेली होती. साहेबांनी ती उभ्याउभ्या दोनदा वाचली आणि सही केली. चौकोनात "जोडीदार" लिहिलं गेलं. प्रिंट न्या, मोबाइलवर दाखवू नका. आपल्याकडे कागदाला मान आहे. त्याच सुमारास केंद्राने राज्यांना एका रेशनकार्डावर दोघांना एक कुटुंब धरण्याचं सुचवलं, आणि जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा जोडीदाराला मृतदेह ताब्यात देण्याबद्दलही कळवलं. शेवटचं वाचताना पोटात कालवतं, पण निदान ते लिहिलं तरी गेलं.

कराचं गणित मात्र सरळसरळ अन्यायाचं आहे. नवऱ्याने बायकोला दिलेली भेट करमुक्त. तुम्ही जोडीदाराला वर्षात 50,000 रुपयांपेक्षा जास्त दिले, तर ती सगळी रक्कम त्याचं उत्पन्न धरली जाते, कारण कायद्याच्या लेखी तुम्ही "नातेवाईक" नाही. याविरुद्ध एका समलिंगी जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात 2025 मध्ये आव्हान दिलं आहे. घर बक्षीस देण्याचंही तेच. महाराष्ट्रात नवरा, बायको किंवा मुलांना राहतं घर बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये. जोडीदाराला दिलं तर खरेदीखतासारखा पूर्ण दर. पण मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेवर आयकर लागत नाही, मग ती कोणाकडूनही मिळो. पुन्हा मृत्युपत्रच! आणि एक गंमत: राज्यात फक्त महिलांच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. मनीषनगरात एकत्र फ्लॅट घेणाऱ्या दोन मैत्रिणींना जोडपं म्हणून सरकार ओळखत नाही, पण सूट दोघींना देतं. घ्या.

दवाखाना हा या रस्त्यावरचा कच्चा भाग आहे, तो लपवत नाही. साधं मुखत्यारपत्र करून ठेवलं आणि माणूस बेशुद्ध पडला, की ते मुखत्यारपत्रच लंगडं होतं. आगाऊ वैद्यकीय निर्देश, म्हणजे लिव्हिंग विल, 2023 पासून सोपं झालंय: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. त्यात निर्णय घेणारा म्हणून जोडीदाराचं नाव घालता येतं, पण ते लागू होतं बरं होण्याची आशाच नसते तेव्हा. मानसिक आजारासाठी 2017 च्या कायद्याने कोणत्याही प्रौढ व्यक्तीला आपला प्रतिनिधी नेमता येतं, तोही कागद करून ठेवा. मधल्या सगळ्या प्रसंगांसाठी, अपघात, ऑपरेशन, आयसीयू, आजही डॉक्टरच्या समजूतदारपणावर भिस्त आहे. म्हणून घराजवळचा एक दवाखाना ठरवा आणि दोघं मिळून एकदा तिथल्या डॉक्टरला भेटून या.

मूल हवं असेल तर इथे दोघांना मिळून दत्तक घेता येत नाही. एकट्याने घेता येतं, पण एकट्या पुरुषाला मुलगी देत नाहीत. सरोगसी समलिंगी जोडप्यांना बंद आहे. ज्यांच्यासाठी मूल हाच मुख्य प्रश्न आहे, त्यांना मी नागपूर धरून बसा म्हणणार नाही.

तिसरा रस्ता, देश सोडणं. इथे देशादेशांत एक मोठा फरक आहे जो एजंट नीट सांगत नाहीत. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया लग्नाचा कागद मागतच नाहीत. सर्वसाधारणपणे 12 महिने एकत्र राहिल्याचा पुरावा पुरतो. ब्रिटनला दोन वर्षांचं खरं नातं दाखवावं लागतं. अमेरिका आणि जर्मनीला मात्र लग्नच लागतं. एक जण एच-वन-बी वर, म्हणजे अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर, निघाला असेल, तर दुसऱ्याला जोडीदाराचा व्हिसा विवाहित असल्याशिवाय नाही, आणि ते लग्न जिथे लागलं तिथे वैध असलं की अमेरिकेला चालतं. बँकॉकचं सर्टिफिकेट कामाला येतं ते इथे. कॅनडाकडे निघालात तर लग्नावर खर्च करण्यापेक्षा दोघांच्या नावाचा भाडेकरार, जॉइंट खात्याचं स्टेटमेंट, एकाच पत्त्यावरची बिलं जमवा. म्हणजे दुसऱ्या रस्त्यावरची फाइलच तिसऱ्या रस्त्याचा पुरावा होते. मी आधी ती करायला सांगतो त्याचं अर्धं कारण हे.

तिकडे गेलं की सुटलो, असं मात्र समजू नका. आज समलिंगी विवाह असलेले देश 38 च्या आसपास आहेत. नेदरलँड्सने 2001 मध्ये सुरुवात केली होती. पण चाक उलटंही फिरतं. त्रिनिदादमध्ये 2018 ला रद्द झालेला समलिंगी संबंधांचा गुन्हा मार्च 2025 मध्ये अपील कोर्टाने परत आणला. हाँगकाँगच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सरकारला समलिंगी नात्यांना मान्यता देणारी पर्यायी व्यवस्था करायला दोन वर्षं दिली, आणि सप्टेंबर 2025 मध्ये विधिमंडळाने ते विधेयकच पाडलं. हंगेरीने 2025 मध्ये प्राइड मोर्चावर बंदी आणली. जूनमध्ये बुडापेस्टचे रस्ते तरीही तुडुंब भरले. अमेरिकेत 2015 चा विवाहाचा निकाल शाबूत आहे, नोव्हेंबर 2025 मध्ये तो उलटवण्याची मागणी न्यायालयाने ऐकूनही घेतली नाही, पण ट्रान्स लोकांसाठी हवा 2025 पासून बिघडलेली आहे.

नागपुरात घर भाड्याने घ्यायला गेलं की घरमालक आधी आडनाव विचारतो, मग लग्न झालंय का ते. दीक्षाभूमीच्या शहरात! आपल्यातल्या अनेकांना दोन्ही प्रश्नांचं उत्तर चोरून द्यावं लागतं. परदेशात दुसरा प्रश्न सुटतो, पहिला आपलीच माणसं सोबत घेऊन जातात. सिएटलच्या नगर परिषदेला फेब्रुवारी 2023 मध्ये जातीभेदावर बंदी घालावी लागली, ती उगाच नाही. तेव्हा जो दलित मुलगा मला विचारतो की गेलो तर मोकळा होईन का, त्याला मी "निम्मा" म्हणतो. इथे निदान संविधान चौकात उभं राहून ओरडता येतं, आणि समलिंगी आणि ट्रान्स लोकांसाठी काम करणारी सारथी ट्रस्टसारखी या शहरातली संस्था पाठीशी असते.

तर माझा कौल. पुढची दोन-तीन वर्षं नागपुरातच असाल तर दुसरा रस्ता, आणि लग्नाचा समारंभ इथेच करा. एकाची अमेरिकेची किंवा जर्मनीची नोकरी ठरली असेल तर परदेशी लग्न, पण नोकरी हातात आल्यावर. मूल हवं असेल किंवा घरून जिवाचं भय असेल तर तिसरा, आणि उशीर नको. विमानाचं तिकीट काढताना एवढं बघा, की नागपूरहून थेट परदेशी विमानं आजवर मुख्यतः शारजा आणि दोह्याकडेच गेली आहेत, आणि त्या दोन्ही देशांत समलिंगी संबंध गुन्हा आहेत. नुसतं विमान बदलायचं असेल तर सहसा कोणी विचारत नाही, पण लग्नाचं सर्टिफिकेट हातातल्या बॅगेत वरच ठेवू नका आणि स्वस्त मिळतंय म्हणून तिथे मुक्काम तर मुळीच ठरवू नका.