जुन्या सिनेमातली भिंत उचलायला व्हीएलसी की एमपीव्ही?

हौशी नाटकाचं नेपथ्य करणारीला सिनेमातला नायक नको असतो, त्याच्या मागची भिंत हवी असते. १९५०च्या सुमाराचं घर उभं करायचं तर विजेचं काळं गोल बटण कुठल्या उंचीवर असायचं, लाकडी पट्टीवरची वायर कुठून खाली यायची, फडताळात काय काय मांडलेलं असायचं, हे सगळं कृष्णधवल सिनेमात दिसतं. (तोही सेटच, मान्य. पण त्या काळच्या माणसांनी त्या काळी लावलेला.) सिनेमाचे जे फोटो छापून येतात ते बहुतेक स्टिल फोटोग्राफरने वेगळे काढलेले असतात, त्यात चेहरे झकास आणि भिंत अंधारात. म्हणून डिस्क लावायची आणि हवी ती फ्रेम लॅपटॉपवर आपणच उचलायची.

त्यासाठी दोन व्हिडिओ प्लेअर वापरते, व्हीएलसी आणि एमपीव्ही, दोन्ही फुकट. नारिंगी शंकूवाला व्हीएलसी बहुतेकांकडे असतोच. शिफ्ट आणि एस दाबलं की फोटो पिक्चर्स फोल्डरमध्ये जातो. फोल्डर आणि फोटोचा प्रकार बदलायचा तर प्रेफरन्सेसमध्ये व्हिडिओखाली सोय आहे. जुन्या व्हीसीडीतली डॅट फाईल तो कुरकुर न करता उघडतो. नुसता एखादा चेहरा हवा असेल तर याच्यापुढे जायची गरज नाही.

माझं घोडं अडतं ते मागे येताना. समजा, बाई फडताळासमोर उभी आहे. ती तांब्या घ्यायला वाकते, क्षणभर मागचे डबे उघडे पडतात आणि ती परत ताठ होते. सेकंदाला २४ चौकटी, त्यातल्या कामाच्या जेमतेम चार-पाच. व्हीएलसीत ई दाबून एकेक चौकट पुढे जाता येतं, पण तिसऱ्या आवृत्तीत मागे येण्याचं बटणच नाही. हुकली की पुन्हा दहा सेकंद मागे जा, पुन्हा टपून बसा. एमपीव्हीत पूर्णविरामाने एक चौकट पुढे, स्वल्पविरामाने एक चौकट मागे. मागे येताना तो जरा रेंगाळतो, कारण आधीच्या पूर्ण साठवलेल्या चौकटीपासून त्याला मधली चित्रं पुन्हा उलगडावी लागतात. रेंगाळू दे. बाईचा खांदा बाजूला झालेली नेमकी चौकट मिळते, आणि वाकून थांबल्यामुळे तिचा हातही फरपटलेला येत नाही.

एमपीव्हीला मेनू म्हणावा असा मेनू नाही, पहिल्यांदा उघडणारा भांबावतोच. एस दाबला तर सबटायटलसकट फोटो, शिफ्टबरोबर दाबला तर सबटायटलशिवाय. फोटो मुळात जेपीजीत पडतो. डीव्हीडीतलं चित्र आधीच दाबून बसवलेलं, त्यावर पुन्हा दाब कशाला? सेटिंगच्या फाईलमध्ये तीन ओळी लिहिल्या: फोटो पीएनजीत ठेव, अमुक फोल्डरमध्ये ठेव, नावात सिनेमाचं नाव आणि वेळ घाल. या तिसऱ्या ओळीसाठी मी एमपीव्हीला सगळं माफ करते. सुताराने ‘या कपाटाची दुसरी बाजू दाखवा’ म्हटलं की फाईलच्या नावावरून थेट त्या प्रसंगावर जाता येतं.

प्लेअर कितीही चांगला असला तरी डिस्कमध्ये नाही ते कुठून आणणार? आपल्याकडच्या व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८, डीव्हीडीचं ७२० बाय ५७६. व्हीसीडीवरून फडताळाला कप्पे किती ते मोजता येतात, कडी कसली आहे ते नाही. काही डीव्हीडींत हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. दोन्ही प्लेअरमध्ये डी दाबलं की ते जातात. त्याहून संताप येतो तो एका कंपनीचा, नाव घेत नाही. तिने कोपऱ्यात स्वतःचा लोगो कायमचा चिकटवलाय, आणि माझी खुंटी नेमकी त्याच कोपऱ्यात असते. नेटवरच्या काही प्रतींत तर चौकोनी चित्र रुंद पडद्यात बसवायला वरखाली कातरलेलं असतं. चेहरे राहतात, तुळया जातात. ओटीटीवर बहुधा काळी चौकटच हाती येते, तिथे मी वेळ घालवत नाही.

चित्र फारच काळवंडलेलं असेल तर एमपीव्हीत ६ दाबत राहायचं, अंधारातले तपशील वर येतात. मग कंट्रोल आणि एस दाबायचं, म्हणजे खिडकीत दिसतं तसंच साठवलं जातं. माजघराच्या प्रसंगांत कोनाड्यातली रॉकेलची चिमणी मला अशीच सापडली. सुताराला दाखवायला मात्र प्रिंट थोडी फिकी काढायला सांगा, झेरॉक्सवाल्याकडे काळं आणखी काळं होतं.