युरोपियन सोशल सर्व्हेचा डेटा : फुकट मिळतो, आयता नाही

युरोपीय राजकारण तुलनेने शिकवायचं किंवा त्यात पीएचडी करायची, तर युरोपीय देशांतल्या लोकांची मतं विचारणारा हा सर्व्हे टाळता येत नाही. 2002 पासून दर दोन वर्षांनी फेरी, 15 आणि त्यापुढच्या वयाचे रहिवासी, काटेकोर यादृच्छिक नमुना. कोटा पद्धत (वय-लिंगाचे ठरलेले आकडे भरेपर्यंत माणसं निवडणं) चालत नाही. नोंदणी केली की अव्यावसायिक वापरासाठी सगळं मोफत, मग तुम्ही लायडनला असा की पुण्यात. पोर्टलवर देश, फेऱ्या, प्रश्न निवडून हवी तेवढीच फाइल बांधून घेता येते, ही सोय उत्तमच.

फाइल शक्यतो एसपीएसएस किंवा स्टाटा या सांख्यिकी सॉफ्टवेअरची घ्या. संसदेवरच्या विश्वासाची पट्टी 0 ते 10 आहे, पण सीएसव्हीत (साध्या मजकुराच्या फाइलीत) ‘सांगणार नाही’, ‘माहीत नाही’, ‘उत्तर नाही’ हे 77, 88, 99 असे उघडे आकडे येतात. टर्म पेपरात एखाद्या देशाची सरासरी 12 दिसली तर कारण हेच.

देशवार आकड्यांना पोस्ट-स्ट्रॅटिफिकेशन वेट (नमुन्यातलं वय, लिंग, शिक्षण यांचं प्रमाण लोकसंख्येशी जुळवणारा भारांक) पुरतं. ‘युरोपात इतके टक्के’ म्हणायचं असेल तर लोकसंख्येचं वेटही गुणावं लागतं. तो गुणाकार ‘अ‍ॅनालिसिस वेट’ या नावाने फाइलमध्ये तयार असतो. तो विसरलात की 13 लाखांच्या घरातला एस्टोनिया 8 कोटींच्या जर्मनीच्या बरोबरीला येऊन बसतो.

सर्वाधिक वेळ खातो तो ‘मत कोणाला दिलं’ हा प्रश्न. प्रत्येक देशाचा व्हेरिएबल (डेटातला रकाना) वेगळा, पक्षांचे कोडही फेरीगणिक बदलतात. जर्मनीत उमेदवाराचं पहिलं मत आणि पक्षयादीचं दुसरं मत स्वतंत्र नोंदवलंय; पक्षाची ताकद मोजायला दुसरं घ्या. ‘पार्टी फॅक्ट्स’ या वेगवेगळ्या डेटातले पक्ष जुळवणाऱ्या डेटाबेसच्या मदतीने हे कोड चॅपल हिल तज्ज्ञ सर्व्हेतल्या (पक्षांच्या भूमिका तज्ज्ञांना विचारून मोजणाऱ्या सर्व्हेतल्या) पक्षांशी जोडता येतात, तरी आघाड्या आणि नाव बदललेले पक्ष हाताने तपासावेच लागतात. मतदानाची टक्केवारी मात्र इथून उचलू नका. न केलेलं मतदानही लोक केलं म्हणून सांगतात.

दहाव्या फेरीत कोविडमुळे जर्मनी, स्पेन, पोलंड, स्वीडन अशा काही देशांत समोरासमोर मुलाखती झाल्या नाहीत, लोकांनी प्रश्नावली स्वतः भरली. त्यांची फाइल वेगळी आहे. नवव्या फेरीशी तुलना करताना फरक मतांमधला की पद्धतीमुळे पडलेला, हे सुटं करणं कठीण. निदान तळटीप तरी द्या.

मोठी उणीव देशांच्या गळतीची. ग्रीस सहाव्या ते नवव्या फेरीत नाहीच, म्हणजे 2015 मध्ये सिरिझा हा डावा पक्ष सत्तेवर आला तो काळच गायब. ग्रीसच्या कर्जसंकटावर प्रबंध लिहिणाऱ्याने विषय मंजूर करून घेण्याआधी सहभागी देशांचा तक्ता उघडून बघावा.