स्टीव्हिया, आठ महिन्यांनंतर: चहात पास, पाकात नापास

स्टीव्हिया, म्हणजे साखरेऐवजी वापरायचा एका झाडाच्या पानांतला गोडवा, कडू लागतो म्हणणाऱ्या बहुतेकांनी तो जास्त घातलेला असतो. साखरेची गोडी जिभेवर लगेच येते आणि लगेच जाते. याची उशिरा येते आणि रेंगाळते. पहिला घोट फिका लागला म्हणून आणखी एक गोळी टाकली, की कप संपेपर्यंत घशाशी ज्येष्ठमधासारखी कडवट गोडी चिकटून बसते. घालायचा, नीट ढवळायचा, दोन-तीन घोट जाऊ द्यायचे आणि मगच ठरवायचं.

आठ महिन्यांत तीन प्रकार आलटूनपालटून वापरले: गोळ्या, एरिथ्रिटॉल (साखरेसारखा दिसणारा, जवळपास बिनकॅलरीचा गोड पदार्थ) मिसळलेली दाणेदार पूड आणि शुद्ध अर्क. पाकिटाच्या पुढच्या बाजूचं हिरवं पान सगळीकडे सारखंच असतं, वाचायची ती मागची बाजू. एक ग्रॅमच्या छोट्या पुडीत स्टीव्हिया काही मिलिग्रॅमच असतो, बाकी भर बऱ्याचदा डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) किंवा माल्टोडेक्स्ट्रिनची (स्टार्चपासून केलेली पूड). दोन्ही रक्तातली साखर वाढवतात. एका कपाला त्याचा फारसा फरक पडत नाही, पण खिरीत पंधरा पुड्या रिकाम्या केल्या तर पडतो. मधुमेह असलेल्यांनी हे आधी तपासावं.

शुद्ध अर्क साखरेच्या २०० ते ३०० पट गोड असतो. म्हणजे चमचाभर (५ ग्रॅम) साखरेच्या जागी साधारण २० मिलिग्रॅम. एवढं वजन घरच्या काट्यावर होत नाही, आणि पूड इतकी हलकी की कोरड्या चमच्यातून निम्मी उडते, ओल्या चमच्याला लागली तर गोळा होऊन बसते. त्यावर उपाय म्हणजे द्रावण करून ठेवणं. उकळून गार केलेल्या ५० मिली पाण्यात १ ग्रॅम अर्क विरघळवायचा. मग १ मिली, म्हणजे ड्रॉपरचे साधारण २० थेंब, म्हणजे एक चमचा साखर. काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये, एका वेळी दहा-बारा दिवसांपुरतंच करावं. गढूळ दिसलं की ओतून द्यायचं. पानांत गोडी देणारे घटक अनेक असतात, त्यांतला रेबॉडिओसाइड-ए किती टक्के ते अर्क घेताना पाहावं. स्टीव्हिओसाइड हा दुसरा घटक जास्त असलेला माल स्वस्त पडतो आणि कडूही तोच जास्त लागतो. रेबॉडिओसाइड-एम सर्वांत स्वच्छ चवीचं, पण सहज मिळत नाही.

चहात हा उत्तम चालतो. दूध, आलं, वेलची कडवटपणा झाकतात. उकळल्याने गोडी जात नाही, तरी कपातच घालावा: एकाच भांड्यातला चहा साखरवाल्यांनाही चालतो आणि मोजही चुकत नाही. कोऱ्या कॉफीत मात्र कडूवर कडू होतं. लिंबू सरबतात पेलाभर पाण्याला एक चमचा साखर, दोन चमच्यांच्या जागी स्टीव्हिया आणि मीठ थोडं सढळ, हे जमून येतं. मीठ कडवटपणा दाबतं.

गाडी अडते ती साखर गोडीपलीकडे काही काम करत असते तिथे. एकतारी पाक होणं शक्यच नाही, तार साखरेची असते. त्यामुळे चिक्की, जिलेबी, पाकातले लाडू बाद. मुरांबा टिकतो तो साखरेने पाणी धरून ठेवल्यामुळे. स्टीव्हियाच्या मुरांब्याला बुरशी येणारच. नानकटाई पांढुरकी राहते आणि खुसखुशीत होत नाही.

श्रीखंडाची गंमत वेगळी आहे. स्टीव्हियाची गोडी एका मर्यादेपुढे वाढतच नाही, नंतर वाढतो तो फक्त कडूपणा. म्हणून पूर्ण साखर काढायचा हट्ट सोडावा. अर्धा किलो चक्क्याला २०० ग्रॅम साखर आणि वरच्या द्रावणाचे १० मिली, वर केशर-वेलची. नेहमीपेक्षा गोडी कमीच, पण मागून कडू चव येत नाही. साखर कमी म्हणजे चक्का कमी सैल होतो, तेव्हा तो थोडा ओलसर असतानाच फडक्यातून काढावा. एरिथ्रिटॉलवाली पूड श्रीखंडात घालूच नये. गार झाल्यावर त्याचे खडे परत धरतात, दुसऱ्या दिवशी श्रीखंड दाताखाली करकरतं आणि जिभेला पेपरमिंटसारखा थंडावा लागतो.

रोज किती चालेल? अन्नात मिसळायच्या पदार्थांची सुरक्षितता तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीची मर्यादा शरीराच्या दर किलोमागे ४ मिलिग्रॅम स्टीव्हिऑलइतकी (या सगळ्या गोड घटकांचा मूळ गाभा) आहे. रेबॉडिओसाइड-एच्या हिशेबात ते साधारण १२ मिलिग्रॅम पडतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ७०० मिलिग्रॅमच्या आसपास. तीस-पस्तीस चमचे साखरेइतकी गोडी झाली ही, तेवढी कोण खातंय! भारतात शुद्ध अर्काला २०१५ मध्ये परवानगी मिळाली. पण मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन कमी करण्यासाठी असे गोडवे वापरू नयेत असं सुचवलं, त्यात स्टीव्हियाही आला. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती सूचना लागू नाही. दिवसाला तीन कप, कपाला दोन चमचे, म्हणजे ३० ग्रॅम साखर आणि १२० कॅलरी वाचतात हे खरं. त्याच चहाबरोबर बिस्किटाचा अर्धा पुडा गेला तर हिशेब तिथेच मिटला.

कुंडीत रोप लावणाऱ्यांसाठी: हे झाड मूळचं पराग्वेचं, तिथले ग्वारानी लोक पिढ्यान्‌पिढ्या येर्बा माटे या चहासारख्या पेयात ही पानं घालत आले आहेत. आपल्या चहात ती गोडीबरोबर गवताचा वासही सोडतात, दोन पानांच्या पुढे जाऊ नये. दिवस लहान होऊ लागले की बारीक पांढरी फुलं येतात आणि पानांची गोडी उतरते, त्यामुळे कळ्या दिसायच्या आत छाटून सावलीत वाळवावीत. पावसाळ्यात कुंडी वळचणीला ठेवावी. पाणी साचलं की मुळं कुजतात.