डिझेल पिकअपला बसवलेला कूलंट हीटर: ग्वाल्हेरच्या दोन हिवाळ्यांनंतर

ज्या वस्तूला साडेचार हजार रुपये मोजले, ती चालू आहे की बंद हे सांगणारा एक साधा दिवा तिच्यावर नसावा, हे मला अजून पटलेलं नाही. दहा रुपयांचा निऑन दिवा! घरच्या गीझरवर तो आहे, बेकरीतल्या ओव्हनवर आहे, दीडशे रुपयांच्या एक्स्टेंशन बोर्डावरसुद्धा आहे. आणि जी वस्तू पहाटे अडीच वाजता, सगळे झोपेत असताना, बॉनेटच्या आत अंधारात काम करते, तिलाच नाही. पुढे मी या हीटरबद्दल, म्हणजे गाडी सुरू करण्याआधी इंजिनात फिरणारं पाणी (कूलंट) विजेवर कोमट करणाऱ्या या वस्तूबद्दल, बरंच चांगलं लिहिणार आहे, पण हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमची बेकरी आहे. पाव, टोस्ट, खारी. मुरैन्याच्या दुकानांना माल उजाडायच्या आत लागतो, म्हणून गाडी साडेचारला निघते. बोळ अरुंद असल्याने पिकअप रात्रभर तोंडाशी उघड्यावर उभी असते. पुण्या-मुंबईच्या वाचकांना इथल्या थंडीचा अंदाज येत नाही. मावठ्याचा पाऊस पडून गेला की आकाश निरभ्र होतं, उत्तरेचा वारा सुटतो आणि जानेवारीत पारा पाचच्या खाली जातो. अशा पहाटे सेल्फ मारला की इंजिन कण्हत फिरतं, पांढरा धूर सोडतं आणि गप्प होतं. दोन-तीनदा तसं झालं की बॅटरी बसते, मग धक्का मारायला माणसं शोधा. आमच्याकडे गाडी मोठे भाऊजी चालवतात. ते तक्रार करणाऱ्यातले नाहीत, पण उशिरा पोहोचलेला पाव दुकानदार अर्ध्या भावात मागतो, आणि ते नुकसान माझ्या वहीत दिसतं.

हीटरआधी करायच्या सगळ्या गोष्टी आम्ही केल्या होत्या, आणि त्या तुम्हीही आधी कराव्यात असं मी आवर्जून सांगेन. बॅटरी तपासून घेतली आणि बदलली. हीटर प्लग, म्हणजे सुरू करताना सिलिंडर आतून तापवणारे ग्लो प्लग, चारही काढून पाहिले. दोन मेलेले निघाले, ते बदलले. सेल्फच्या जाड वायरीची टोकं घासून घट्ट केली. फरक पडला, पण कडाक्याच्या दिवसांत पुरला नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते; हवा दाबली गेल्यावर जी तापते, त्या उष्णतेवरच डिझेल पेटतं. सिलिंडरच्या भिंती गार असल्या की त्या ती उष्णता शोषून घेतात, तेल घट्ट झाल्याने इंजिन हळू फिरतं, आणि नेमकी त्याच वेळी बॅटरीही थंडीने दुबळी असते. तिन्ही अडचणी एकाच क्षणी येतात. ट्रान्सपोर्ट नगरात ट्रकवाले चेंबरखाली, म्हणजे इंजिनच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्याखाली, शेगडी ठेवतात किंवा चिंध्या पेटवतात. डिझेलच्या नळीखाली जाळ करायला मी भाऊजींना सक्त मनाई केली होती.

गाड्यांच्या दुकानांत कूलंट हीटर विचारला तर कोणाला माहीतच नव्हता. उत्तर मिळालं जनरेटरच्या मिस्त्रीकडून. मोठ्या इस्पितळांतले डीजी सेट, म्हणजे डिझेल जनरेटर, वीज गेल्यावर काही सेकंदांत पूर्ण भार घेतात, त्यासाठी त्यांचं इंजिन हिवाळाभर कोमट ठेवलेलं असतं. त्याला ते लोक जॅकेट हीटर म्हणतात. जनरेटरच्या सामानाच्या दुकानात तो सहज मिळतो आणि मुख्य म्हणजे 230 व्होल्टचा मिळतो. ऑनलाइन दिसणारे बरेचसे हीटर अमेरिका-कॅनडासाठी 120 व्होल्टचे असतात. तसला एक हजार वॉटचा हीटर आपल्या सॉकेटला लावला तर तो साडेतीन पटींहून जास्त वीज ओढेल आणि जळेल. वर्णनात मोठ्या अक्षरांत 'युनिव्हर्सल' लिहिलेलं असलं तरी पट्टीवरचा व्होल्टेज वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रकार बरेच आहेत. इंजिन ब्लॉकचा कोअर प्लग, म्हणजे भिंतीतलं धातूचं बूच, काढून तिथे बसवायचा, रेडिएटरच्या खालच्या होजमध्ये बसवायचा, चेंबरला चिकटवायची गादी, आणि आम्ही घेतला तो टाकीचा: खालून गार कूलंट आत, वरून गरम बाहेर, पंप नाही. गरम पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं, एवढ्यावरच तो चालतो. म्हणून तो बसवण्याची जागा हाच सगळा खेळ आहे. टाकी इंजिनच्या तळाच्या पातळीला हवी, बाण वर हवा, बाहेर जाणारा होज कुठेही खाली वळता कामा नये. आमच्या मिस्त्रीने ब्लॉकच्या ड्रेनमधून आत जाणारी लाइन घेतली आणि वरची लाइन केबिनच्या ब्लोअरच्या परतीच्या होजला तीन तोंडांचा टी जोड लावून जोडली. कूलंट भरल्यावर त्याने काय केलं ते सांगते, कारण घाईतला माणूस हे करणार नाही. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून तो वरचा होज मुठीत दाबत आणि सोडत राहिला. प्रत्येक दाबाला हिरव्या कूलंटमधून बुडबुडे वर येत होते. ते पूर्ण थांबेपर्यंत त्याने प्लग लावू दिला नाही. टाकीत हवा राहिली तर आतली तापणारी कॉइल उघडी पडते आणि काही मिनिटांत जळते. बाराशे रुपये मजुरी घेतली, त्यातला प्रत्येक रुपया मला वाजवी वाटला.

पहिल्याच थंड पहाटे गाडी अर्ध्या सेल्फला सुरू झाली. धूर जवळपास नाही, इंजिनची ती सुरुवातीची खडखडही नाही.

सुरुवातीला माझं मत होतं की जनरेटरसारखा हाही रात्रभर चालू ठेवावा लागेल, आणि विजेच्या बिलाची मला धास्ती होती. मग बेकरीतल्या थर्मामीटरची तार वरच्या होजला बांधून पाहिलं. साधारण दोन तासांत तापमान चाळिशी गाठतं, हीटरचा थर्मोस्टॅट वीज तोडतो, आणि त्यापुढे रात्रभर फक्त थंडीला दिलेली उष्णता भरून काढत बसतो. म्हणजे दोन तास पुरे. दोन तासांचे दोन युनिट, आमच्या व्यावसायिक दराने सोळा-सतरा रुपये. धक्का मारणाऱ्या पोरांच्या चहाला याहून जास्त जात होते. सव्वादोनला चालू, सव्वाचारला बंद असा टायमर लावून टाकला.

आणि इथे तो नसलेला दिवा आडवा आला. आम्ही लावलेला टायमर फिरत्या चकतीचा होता. रात्री वीज गेली की चकती थांबते, आणि वीज आल्यावर तिथून पुढे फिरते. पाऊण तास वीज गेली तर हीटर पाऊण तास उशिरा लागणार. शिवाय पहाटे सगळ्या गल्लीचे गीझर आणि पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतो. 230 चा 200 झाला की हजार वॉटचा हीटर साडेसातशेच वॉट देतो. यातलं काहीच बाहेरून कळत नाही. भाऊजी चारला उठून गाडीजवळ जात, बॉनेट उघडून होजला हात लावत. थंड असला तर काय करायचं? दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला, "मैडम, जेनसेट के पैनल पर सब दिखता है, इसमें अलग से क्यों देंगे?" पण सुटा विकताना बरोबर पॅनल देत नाही ना!

आमच्या वायरमनने सॉकेटवर दिवा लावून दिला. त्याने निम्माच प्रश्न सुटला. तो दिवा सॉकेटपर्यंत वीज आली एवढंच सांगतो. कॉइल तुटलेली असली तरी तो मजेत पेटलेला राहतो. खरी खबर द्यायला वाहणारा प्रवाह मोजावा लागतो. शेवटी प्लगमध्ये अडकवायचा वॉटमीटर आणि आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घेतला, दोन्ही मिळून दीड हजाराला. आता मी बेकरीत पीठ मळायला उठते तेव्हा भिंतीवरच्या आकड्याकडे बघते. 940 वॉट दिसले की निर्धास्त. हीटर बनवणाऱ्याने किमान दिवा दिला असता तर हे दीड हजार मी खर्चले नसते असं नाही, पण निदान पहिला महिना आम्ही अंधारात काढला नसता.

दुसऱ्या हिवाळ्यात माझं मत बदललं. तोवर मी ही वस्तू फक्त गाडी सुरू करण्यापुरती धरत होते. पण भाऊजींचं म्हणणं ऐकलं तर त्यांना सुरू होण्याचं फारसं कौतुक नाही. त्यांना आवडतं ते हे की निघाल्या निघाल्या ब्लोअर कोमट हवा देतो. आग्रा रस्त्यावर जानेवारीत असं धुकं असतं की पुढच्या ट्रकचा मागचा दिवा दहा पावलांवर आल्यावर दिसतो, आणि त्यात काच आतून वाफेने भरली की माणूस एका हाताने फडकं फिरवत गाडी हाकतो. आधी काच साफ व्हायला मुरैन्याच्या वाटेवरचं बानमोर यायचं. आता गाडी शहराबाहेर पडायच्या आधी काच स्वच्छ असते. "वहिनी, बाकी काही काढा, हे काढू नका," असं ते म्हणाले. आता हा हीटर मी सोयीच्या नाही, सुरक्षेच्या खर्चात धरते.

मग वॉरंटीचं भांडण. याच हिवाळ्याच्या सुरुवातीला वॉटमीटरने वेगळंच दाखवलं. एरवी शेवटच्या मिनिटांत आकडा शून्यावर जातो, कारण थर्मोस्टॅट तोडतो. तो पूर्ण दोन तास 950 वरच राहिला. होजला हात लावला तर चटका. थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटले होते. टायमर नसता तर होज शिजून फुटला असता आणि टाकी कोरडी पडली असती. बिलावर एक वर्षाची वॉरंटी स्पष्ट लिहिलेली, वर्ष अजून भरलेलं नव्हतं. दुकानदार म्हणाला, हा जनरेटरचा माल आहे, गाडीत लावला म्हणून वॉरंटी गेली. त्याच बिलावर, त्याच्याच अक्षरात, पिकअपसाठी पाऊण इंची होज आणि चार क्लिपा लिहिल्या होत्या! गाडीत लावणार हे माहीत असूनच त्याने विकलं. तो ऐकेना, तेव्हा 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर बिलाच्या फोटोसकट तक्रार नोंदवली. त्यानंतर त्याचा फोन आला आणि नवा थर्मोस्टॅट मिळाला. बसवण्याची मजुरी मात्र त्याने दिली नाही. सामान घेताना ते कोणत्या गाडीसाठी आहे हे बिलावर लिहून घ्या, एवढं नक्की करा.

आणखी एक गैरसमज काढायला हवा. हा हीटर डिझेल तापवत नाही. भारतीय मानकात हिवाळी डिझेलची सीएफपीपी, म्हणजे मेणाचे कण होऊन फिल्टर तुंबायला लागतं ते तापमान, जास्तीत जास्त 6 अंश चालतं आणि उन्हाळी डिझेलचं 18. म्हणजे कमी चालणाऱ्या गाडीच्या टाकीत ऑक्टोबरचं डिझेल जानेवारीपर्यंत पडून असेल तर इंजिन कितीही कोमट ठेवा, ते फिल्टरमध्येच अडकेल. टाकी डिसेंबरात ताज्या डिझेलने भरा, फिल्टरमधलं पाणी काढा. रॉकेल मिसळायचा जुना सल्ला कॉमन रेल इंजिनात, म्हणजे खूप मोठ्या दाबाने डिझेल फवारणाऱ्या नव्या इंजिनात, ऐकू नका. पंप आणि इंजेक्टर डिझेलच्याच वंगणावर चालतात, आणि ते दुरुस्त करायच्या पैशात असे कित्येक हीटर येतील. बॅटरीलाही हा हीटर ऊब देत नाही. चेंबरमधलं तेल थोडंसं कोमट होतं, तेवढंच.

वायरीवर काटकसर करू नका, हे मी काटकसरी बाई म्हणून सांगते. आमची वायर भिंतीतून बाहेर येऊन बोळ ओलांडते. समोरच्या काकू पहाटे दत्ताच्या देवळात जातात, गाई फिरतात, दव पडून सगळं ओलं असतं. म्हणून वायर डोक्यावरून आकड्यांवर घेतली, तीन कोरची, रबरी वेष्टनाची, अर्थिंग गाडीच्या चेसीपर्यंत पक्कं, आणि त्या पॉइंटला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच. हीटर जेमतेम साडेचार अँपिअर ओढतो, त्यामुळे जाडीचा प्रश्न नाही, प्रश्न ओलाव्याचा आहे. प्लग काढल्याशिवाय गाडी हलू नये म्हणून गाडीची किल्ली त्याच सॉकेटशेजारच्या खिळ्याला टांगतो.

रोज रात्री बंद शेडमध्ये गाडी लावणाऱ्याला किंवा आठनंतर निघणाऱ्याला याची गरज नाही. पेट्रोलवाल्यांना तर इथल्या थंडीत मुळीच नाही. उघड्यावर उभी, जुनी डिझेल, पहाटे पाचच्या आत धंद्यावर निघणारी गाडी असेल तर घ्या.

मार्चमध्ये आम्ही तो काढत नाही. प्लगच्या तोंडाला रबरी टोपी घालतो, कारण मे महिन्यातली इथली धूळ सगळीकडे शिरते, आणि कूलंटची पातळी महिन्यातून एकदा बघतो. जोड वाढले की गळायच्या जागाही वाढतात. थंडी सुरू व्हायच्या आधी, कूलंट भरलेलं असताना, मल्टिमीटरने प्लगच्या दोन पिनांमध्ये मोजते: 53 ओहमच्या आसपास आला की कॉइल ठीक, अनंत दाखवला तर कॉइल किंवा थर्मोस्टॅट तुटलेला. आणि पिन ते अर्थ काहीही दाखवता कामा नये. दाखवलं तर त्या वर्षी तो लावायचाच नाही.