बुरीराम की पोर्ट? थाई लीगच्या मोसमासाठी कोणाचं मैदान धरावं

ऑगस्ट जवळ आला की बँकॉकमध्ये नव्याने राहायला आलेल्या फुटबॉलवेड्या मराठी मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो: यंदा थाई लीग मैदानात जाऊन बघायची आहे, तर कोणत्या क्लबच्या मागे लागावं? सोळा संघ, तीस सामने, शेवटचे तीन खालच्या विभागात, हे विचारणाऱ्याला माहीत असतंच. थोडी चौकशी झाली की नावंही दोनच उरतात, बुरीराम युनायटेड आणि पोर्ट. मीही इथे आल्यावर याच दोघांत अडकलो होतो.

बुरीरामची बाजू भक्कम आहे, म्हणून ती आधी. 2009 च्या अखेरीस नेविन चिदचोब या राजकारण्याने वीज मंडळाचा क्लब हाती घेतला आणि अयुथयाहून उचलून थेट इसानमधल्या, म्हणजे ईशान्य थायलंडमधल्या, आपल्या बुरीराम गावी नेला. 2011 मध्ये तो क्लब लीग जिंकला. 2013 आणि 2015 चे मोसम त्यांनी एकही सामना न हरता काढले. 2021-22 पासून 2024-25 पर्यंत सलग चार विजेतेपदं त्यांचीच, आणि त्या शेवटच्या वर्षी लीगबरोबर आसियान क्लब स्पर्धाही. 2019 मध्ये लीग हुकली तीसुद्धा केसाच्या अंतराने: शेवटच्या दिवशी चियांगराई हा क्लब आणि बुरीराम दोघांचे 58 गुण झाले आणि आपसातल्या सामन्यांच्या निकालावर चषक चियांगराईला गेला. मोसम शेवटच्या आठवड्यापर्यंत जिवंत राहावा असं वाटत असेल, तर बुरीरामइतकी खात्री दुसरा क्लब देत नाही.

आणि ते मैदान! चांग अरीनात बत्तीस हजारांवर माणसं बसतात. धावपट्टी नाही, त्यामुळे वरच्या रांगेतूनही खेळाडूची चाल ओळखू येते. शेजारीच मोटोजीपी या मोटारसायकल शर्यतीचा ट्रॅक. सामन्याच्या दिवशी दुपारपासूनच गाव निळं व्हायला लागतं. शाळकरी पोरं, भाजीवाल्या बाया, पोलीस, ज्याच्या त्याच्या अंगात क्लबची जर्सी. मैदानाबाहेर कोळशावर कोंबडी भाजत असते, सोबत चिकट भात आणि सोमतम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर. शाकाहारी असाल तर पोटभर खाऊनच जा, कारण सोमतममध्येही माशाचा सॉस असतो. क्लबच्या बोधचिन्हात ज्याची आठवण जपली आहे ते फानोम रुंगचं ख्मेर मंदिर विझलेल्या ज्वालामुखीवर उभं आहे आणि गावातून तास-सव्वा तासात तिथे पोचता येतं. मूळचं ते शिवाचं देऊळ. आपल्याकडच्या माणसाने ते बघितल्याशिवाय परत येऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

आता पोर्ट. बँकॉकमधल्याच ख्लोंग तोईत, बंदराच्या वस्तीला लागून, पॅट स्टेडियम. क्लब 1967 चा, बंदर प्राधिकरणाचा. लीगचं विजेतेपद त्यांना अजून मिळालेलं नाही. 2009 आणि 2019 चे थाई एफए कप आहेत, 2019 मध्ये आणि 2023-24 मध्ये लीगमधला तिसरा क्रमांक आहे. नुआनफान लामसाम, म्हणजे इथे सगळे ज्यांना मादाम पांग म्हणतात त्या, 2015 पासून क्लबच्या प्रमुख होत्या. त्यांनी पैसा आणला, नावाजलेले खेळाडू आणले आणि 2024 मध्ये त्या थायलंडच्या फुटबॉल संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. तरीही पोर्ट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बंदराची वस्तीच येते, आणि ते बरोबरच आहे.

मैदान लहान, दहा हजारांच्याही आतलं. मुंबईत कूपरेजवर सामना पाहिला असेल तर अंदाज येईल. पहिल्या रांगांत बसलात की बचावपटू गोलकीपरवर ओरडतो ते शब्दन् शब्द ऐकू येतात, थाई येत नसलं तरी कशावरून ओरडला ते कळतं. मेट्रोतून उतरून चालत निघालं की नाक्यानाक्यावर मोटारसायकल टॅक्सीवाले उभे असतात, त्यांची जॅकेटं नारिंगी आणि पोर्टची जर्सीही नारिंगी. त्या गर्दीत भाडं मारणारा कोण आणि सामन्याला निघालेला कोण, हे लांबून सांगता येत नाही. जवळ गेल्यावर कळतं की काहीजण दोन्ही आहेत.

खेळाचं म्हणाल तर बुरीराम सरस, यात वाद नाही. पण घरच्या मैदानावर त्यांच्याविरुद्ध आलेले संघ बहुधा सगळे मागे जाऊन बसतात, आणि मी पाहिलेले बरेच सामने तासाभरात निकालात निघाले. पोर्टचा सामना शेवटच्या शिट्टीपर्यंत कुठेही जाऊ शकतो. हा माझा अनुभव. तुमच्या वाट्याला वेगळे सामने येऊ शकतात.

माझा निर्णय मात्र खेळावरून झालाच नाही, तारखांवरून झाला. बुरीराम मोसमभर आठवड्याच्या मध्यावर आशियाई स्पर्धांत खेळत असतो. 2024-25 मध्ये तर ते एएफसी चॅम्पियन्स लीग एलिट या आशियातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत, पार सौदीतल्या जेद्दाला जाऊन आले. साहजिकच लीगचे सामने इकडेतिकडे सरकतात. बुरीराम बँकॉकपासून चारेकशे किलोमीटर. रात्रीच्या गाडीचा बर्थ आणि हॉटेलची खोली घेऊन ठेवावी, रजा टाकावी, आणि मग कळावं की शनिवारचा सामना आता बुधवारी आहे. असं माझ्याबाबतीत पुन्हा पुन्हा झालं. यात दोष कोणाचाच नाही, वर खेळणाऱ्या संघाचं कॅलेंडर असंच असतं. पण नोकरी करणाऱ्या माणसाला दर वेळी सगळं मोडून पुन्हा जुळवायचं म्हणजे जिवावर येतं. शिवाय सामना संपतो रात्री नऊच्या सुमाराला. त्यानंतर स्टेशन गाठा, गाडीची वाट बघा, पहाटे बँकॉकला उतरा आणि तसेच कामावर जा. एकदा केलं तर मौज वाटते. पंधरा घरच्या सामन्यांसाठी कोण करणार?

तारखा पोर्टच्याही बदलतात, तेही आशियात खेळले आहेत. पण तिथे तारीख बदलली तर माझं बिघडतं काय? शनिवारऐवजी रविवारी मेट्रो पकडायची. ऑफिसमधून सहाला निघून सातची सुरुवात गाठता येते आणि दहाच्या आत घरी जेवायला बसता येतं. याच कारणाने मी एका मोसमात पोर्टचे जितके सामने बघतो, तितके बुरीरामचे इतक्या वर्षांत मिळूनही बघितलेले नाहीत. जायला लागलं की मागच्या रांगेतले चेहरे ओळखीचे होतात, नवा मुलगा बदली म्हणून उतरला की पोटात धाकधूक होते. संघ आपला वाटायला लागतो तो असा.

तेव्हा चार दिवसांसाठी येत असाल, मोठं मैदान आणि फानोम रुंग दोन्ही बघायचं असेल, तर खुशाल बुरीरामला जा. फक्त तारीख पक्की झाल्याशिवाय परत न मिळणाऱ्या पैशांचं काही बुक करू नका. इथे राहत असाल आणि पूर्ण मोसम काढायचा असेल, तर माझं मत पोर्टकडे झुकतं. आणि बुरीरामचा खेळ चुकतोय अशी रुखरुख असेल तर ते दर मोसमात एकदा ख्लोंग तोईत येतातच. त्या सामन्याचं तिकीट मात्र विक्री उघडल्या दिवशीच घ्या, कारण त्या दिवशी एवढंसं मैदान कुणालाच पुरत नाही.