कॉम्प्रेशन गेजचा आकडा पटत नसेल तर: पिन बदलावी, गेज बदलावा की लीक-डाऊन टेस्टर घ्यावा?

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकांच्या ११० सीसी स्कूटरचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा हवेचा दाब, तपासले, तेव्हा गेजचा काटा १०५ पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचे एकक) जाऊन थांबला. एका गॅरेजमध्ये त्यांना आधीच ‘हाफ इंजिन करावे लागेल’, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग उघडून दुरुस्त करावा लागेल, असे सांगितले होते आणि माझ्या गेजने त्याला दुजोरा दिला. मात्र ती स्कूटर पहिल्याच सेल्फला सुरू होत होती, धूर देत नव्हती, ऑइल खात नव्हती आणि कात्रजचा घाट दोघांना घेऊन चढत होती. शेवटी गेजच्या होजच्या (रबरी नळीच्या) टोकातील व्हॉल्व्हची, हवा परत जाऊ न देणारी पिन काढून पाहिली. काही महिन्यांपूर्वी मूळ पिन खराब झाल्यावर मीच तिथे टायरची साधी पिन बसवली होती. दिसायला दोन्ही सारख्याच, पण बोटाच्या नखाने दाबून पाहिल्या की फरक लगेच कळतो: गेजची पिन अलगद दबते, तर टायरची पिन नखाला टोचेपर्यंत दाद देत नाही. योग्य पिन बसवल्यावर तीच स्कूटर, त्याच बॅटरीवर, १४० पीएसआयपर्यंत गेली.

गेजच्या आकड्यावर विश्वास बसत नसेल, तर साधारण तीन मार्ग समोर असतात: आहे तोच गेज दुरुस्त करणे, दुसऱ्या प्रकारचा गेज घेणे किंवा सिलिंडरमधून किती हवा गळते ते मोजणाऱ्या लीक-डाऊन टेस्टरकडे वळणे. यांतला कोणता निवडावा हे किमतीपेक्षा आपण कोणत्या आकाराची इंजिने तपासतो यावर अवलंबून आहे, असे माझे ठाम मत आहे.

खर्च करण्यापूर्वी तपासणीची पद्धत निर्दोष आहे ना, हे पाहणे आवश्यक आहे. थ्रॉटल पूर्ण उघडा नसेल तर सिलिंडरमध्ये पुरेशी हवाच जात नाही, आणि बॅटरी उतरलेली असेल तर सेल्फ इंजिनाला हव्या त्या वेगाने फिरवत नाही. दोन्ही वेळा आकडा खाली येतो आणि दोष इंजिनावर जातो. इंजिन गरम असावे, सर्व स्पार्क प्लग काढलेले असावेत, इंधन व इग्निशन बंद असावे आणि टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची, फट बरोबर असावी. एकाच सिलिंडरची तपासणी तीन वेळा करावी. तीन आकड्यांत पाच पीएसआयपेक्षा जास्त फरक पडत असेल, तर तो फरक बहुधा साधनाचा किंवा पद्धतीचा असतो, कारण पिस्टनच्या रिंगा दोन मिनिटांत झिजत नाहीत.

पुण्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि येथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी कमी असतो. त्यामुळे मुंबईत १८० पीएसआय दाखवणारे तेच इंजिन पुण्यात १७०च्या आसपास दाखवेल. पुस्तिकेतील आकड्याशी तुलना करताना एवढी तूट गेजच्या किंवा इंजिनाच्या माथी मारू नये.

आता पहिला मार्ग, म्हणजे दुरुस्ती. काटा प्रत्येक स्ट्रोकला वर जाऊन परत खाली येत असेल, तर पिन गळत आहे. काटा चढतो पण थांबल्यावर हळूहळू उतरतो, तेव्हा पिनेबरोबर होजचे जोड आणि त्यांतल्या ओ-रिंगही (रबरी कड्याही) पाहाव्यात. साबणाचे पाणी लावले की बुडबुडे जागा दाखवून देतात. पिन बदलताना ती कॉम्प्रेशन गेजसाठीचीच, मऊ स्प्रिंगची असावी. टायरच्या पिनेची स्प्रिंग उघडण्यासाठीच बराच दाब खर्च होतो आणि तेवढा दाब आकड्यातून वजा होतो. काटा मोकळ्या अवस्थेतही शून्यावर येत नसेल, तर मात्र आतली वाकडी नळी थकलेली असते आणि अशा गेजवर पैसे घालू नयेत. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरला जोडून त्याच्या गेजशी १०० पीएसआयच्या आसपास ताडून पाहिले, तर ढोबळ कल्पना येते. भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात कॅलिब्रेशनच्या प्रयोगशाळा आहेत, पण घरगुती वापराच्या स्वस्त गेजसाठी तो खर्च मला पटत नाही. ज्यांच्या आकड्यावर गिऱ्हाईकाचे इंजिन उघडायचे की नाही हे ठरते, त्या गॅरेजवाल्यांनी तो जरूर करावा.

दुसरा मार्ग दुसऱ्या प्रकारच्या गेजचा. रबरी टोकाचा, हाताने दाबून धरायचा गेज झटपट काम करतो. प्लगचे आटे कोणत्याही मापाचे असोत, तो चालतो आणि जुन्या गाड्यांत, जिथे प्लग समोर दिसतो, तिथे चारही सिलिंडरांची आपापसांत तुलना करायला पुरेसा आहे. पण हात किंचित तिरपा झाला की हवा निसटते, सेल्फ मारायला दुसरा माणूस लागतो आणि खोल विहिरीत प्लग असलेल्या नव्या इंजिनांत तो पोहोचतच नाही. आकडा नेमका हवा असेल, तर आट्यांत बसणारा होजचा गेजच घ्यावा.

होजच्या गेजमध्येही एक बाब अशी आहे की ज्याकडे दुकानात कोणी लक्ष वेधत नाही: हवा परत न जाऊ देणारी पिन प्लगच्या टोकाला आहे की गेजच्या टोकाला? पिन गेजजवळ असेल, तर संपूर्ण होज सिलिंडरच्या ज्वलनकक्षाचाच भाग होतो. चाळीस सेंटिमीटर लांब आणि पाच मिलिमीटर आतल्या व्यासाच्या होजमध्ये सुमारे ८ घन सेंटिमीटर हवा मावते. कॉम्प्रेशन रेशो १० असलेल्या (म्हणजे हवा दहापट दाबणाऱ्या) ११० सीसीच्या इंजिनात पिस्टन वर आल्यावर उरणारी जागाच सुमारे १२ घन सेंटिमीटर असते. त्यात आठाची भर पडली की रेशो १० वरून साडेसहाच्याही खाली येतो. हाच होज तेवढ्याच रेशोच्या, प्रत्येक सिलिंडर ३०० सीसीचा असलेल्या मोटारीला लावला, तर तेथे रेशो सव्वाआठपर्यंतच उतरतो. म्हणजे जो गेज मोटारीवर ‘थोडा कमी दाखवतो’, तोच स्कूटरवर निरोगी इंजिनाला आजारी ठरवतो. अडॅप्टर मूळ प्लगपेक्षा आखूड असेल, तरी आट्यांतली रिकामी जागा असाच परिणाम करते. दुचाकीसाठी गेज घेताना हा एक निकष मी इतर सर्वांच्या आधी ठेवेन.

याच कारणाने ‘वेट टेस्ट’, म्हणजे सिलिंडरमध्ये ऑइल टाकून पुन्हा केलेली तपासणी, हीदेखील दुचाकीवर जपून करावी. एक चमचा ऑइल टाकल्यावर आकडा वाढला तर दोष रिंगांचा, हा नियम मोटारीला ठीक आहे. पण बारा घन सेंटिमीटरच्या जागेत पाच मिलिलिटर ऑइल गेले, तर रिंगा उत्तम असूनही आकडा वाढणारच. स्कूटरमध्ये काही थेंबच पुरेत.

डिझेलचा प्रश्न थोडक्यात संपतो. तेथील दाब ३०० ते ४५० पीएसआयच्या घरात जातो, त्यामुळे ३०० पीएसआयपर्यंतचा पेट्रोलचा गेज डिझेलला लावू नये. डिझेलसाठी १००० पीएसआयपर्यंतचा वेगळा संचच घ्यावा लागतो.

तिसरा मार्ग लीक-डाऊन टेस्टरचा. यात पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून बाहेरून दाबाची हवा भरली जाते आणि किती टक्के हवा गळते ते पाहिले जाते. इंजिन फिरवायचेच नसल्याने बॅटरी, सेल्फ आणि थ्रॉटल यांचा प्रश्न उरत नाही. किक किंवा सेल्फ हलका जावा म्हणून कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) थोडा दाब सोडणारा डीकॉम्प्रेसर बसवलेल्या दुचाकींत साधा गेज मुळातच कमी आकडा दाखवू शकतो, आणि अशा ठिकाणी हे साधन विशेष उपयोगी पडते. शिवाय हवा कोठून जाते ते कानाला कळते: एअर फिल्टरकडून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. गळती १० टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन चांगले आणि २० टक्क्यांच्या पुढे गेली तर शोध घ्यावा, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. मात्र निरनिराळ्या बनावटीच्या टेस्टरांची टक्केवारी एकमेकांशी जुळत नाही, कारण आतल्या छिद्राचे माप आणि पुरवठ्याचा दाब बदलतो. कॉम्प्रेसर लागतो हा त्याचा मोठा अडसर आहे आणि हवा भरताना पिस्टन खाली ढकलला जाऊन क्रँक (पिस्टनला जोडलेला फिरता दांडा) फिरू नये म्हणून क्रँक पक्का धरावा लागतो. व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी टायमिंग चेन दाताने सरकली असेल, तर ते हा टेस्टर दाखवत नाही. तेथे कॉम्प्रेशन कमी आणि गळती मात्र जवळजवळ नाही, अशी जोडी दिसते.

वर्षातून दोनदा घरची मोटार तपासणाऱ्याने नवी पिन आणि ओ-रिंग टाकून जुनाच गेज वापरावा. मुख्यतः दुचाकी तपासणाऱ्याने जुन्या गेजच्या दुरुस्तीत वेळ न घालवता प्लगच्या टोकाला पिन असलेला होजचा गेज घ्यावा, आणि ज्याच्याकडे कॉम्प्रेसर आधीच आहे त्याने गेजच्या जोडीला लीक-डाऊन टेस्टर घ्यावा, कारण दोघांचे निष्कर्ष जुळले नाहीत की गेजवर संशय घ्यायचा की टायमिंगवर, हे तेथेच ठरवता येते. पुण्यातल्या सुट्या भागांच्या बाजारात, नाना पेठेत, खरेदीला जाताना आपल्या गाडीचा जुना प्लग खिशात न्यावा. १० मिलिमीटरचे आटे आहेत की १२ किंवा १४चे, आणि अडॅप्टरची लांबी प्लगच्या आट्यांएवढी आहे का, हे दोन्ही शेजारी धरून काउंटरवरच पाहून घ्यावे.