रात्रीची बस: भाडं नंतर, आधी बर्थ कुठला ते बघा

रात्री दहाला बसायचं, सकाळी सातला दुसऱ्या शहरात उतरायचं आणि एका रात्रीचं खोलीभाडं वाचवायचं. हिशेब चोख आहे, फक्त त्यात झोप धरलेली नसते. रात्रभर टक्क जागं राहिलं तर दुसऱ्या दिवशी दुपारी खोली घेऊन आडवं व्हावंच लागतं आणि वाचलेले पैसे तिथेच जातात. म्हणून या सेवेची परीक्षा करायची तर ती झोपेवरच करायला हवी. आणि झोप गाडी किती भारी आहे यावर जेवढी अवलंबून असते, त्याहून जास्त आपण गाडीत नेमके कुठे पडलोय यावर असते. नव्याकोऱ्या मल्टी-अ‍ॅक्सल (मागे चाकांची एक जादा जोडी असलेल्या) गाडीतला शेवटचा बर्थ जुन्या साध्या गाडीतल्या मधल्या बर्थपेक्षा वाईट निघू शकतो.

त्याचं कारण गाडीच्या रचनेत आहे. बारा मीटर लांबीच्या बसचं मागचं चाक गाडीच्या अगदी टोकाला नसतं. चाकामागे तीनेक मीटर भाग लोंबता असतो. मागचं चाक खड्ड्यातून गेलं की हा भाग सी-सॉच्या टोकासारखा चाकापेक्षा जास्त उसळतो. पुढची आणि मागची चाकं यांच्या मधोमध झोपलेल्या माणसाला मात्र प्रत्येक हादऱ्याचा साधारण अर्धाच वाटा पोचतो. शिवाय बहुतेक मोठ्या बसचं इंजिन मागे असतं, म्हणजे शेवटच्या रांगेत धडधड आणि ऊब फुकट. मागच्या चाकाच्या नेमक्या वर असलेली सीटही टाळावी. तिथे पायाखालची जमीन चाकाच्या उंचवट्यामुळे वर आलेली असते, त्यामुळे गुडघे दुमडून बसावं लागतं.

अगदी पुढची जागा हादऱ्यांच्या दृष्टीने बरी वाटते, पण समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे, हॉर्न, ड्रायव्हर-क्लीनरच्या गप्पा आणि दर थांब्याला धाडकन उघडणारं दार, हे सगळं तिथल्याच प्रवाशांच्या वाट्याला येतं. सीट-नकाशावर पहिल्या दोन आणि शेवटच्या तीन रांगा सोडून मधल्या भागात बोट ठेवायचं. वर की खाली, यात खालचाच. वळणावर गाडी कलते तेव्हा वरचा माणूस जास्त झुलतो. घाटरस्ता असेल तर मळमळ होणाऱ्याने अप्पर बर्थ घेऊच नये. वरच्याचा एकच फायदा, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे धक्के लागत नाहीत. एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक अशी रचना असेल तर एकट्याने एकाच्याच बाजूला जावं. डबल बर्थमध्ये शेजारी कोण येईल हे नशीब, आणि अनोळखी माणसाच्या कोपराशी रात्रभर वाटाघाटी करणं हा वेगळाच उद्योग आहे.

झोपताना पाय गाडीच्या पुढच्या दिशेला करावेत. जोराचा ब्रेक लागला तर शरीर पुढे सरकतं. तेव्हा आधी टेकतात ते पाय असावेत, डोकं नव्हे. काही गाड्यांत उशी उलट्या बाजूला ठेवलेली असते. ती उचलून इकडे आणायला कुणाची परवानगी लागत नाही.

गाड्यांचे प्रकार देशागणिक बदलतात, पण मूळ प्रकार तीनच: पूर्ण आडवं होता येईल असा स्लीपर, मागे बरीच कलणारी सीट आणि नावापुरती कलणारी सीट. भारतात स्लीपर सर्रास दिसतो. व्हिएतनाममध्ये तीन रांगांत दुमजली कलत्या खुर्च्या असतात. अर्जेंटिना-चिलीकडे ‘सेमी-कामा’ आणि ‘कामा’ अशा पायऱ्या आहेत. कामा म्हणजे पलंग, आणि त्या वर्गात रांगेत चारऐवजी तीनच रुंद खुर्च्या. युरोप-अमेरिकेत रात्रीची स्वस्त बस म्हणजे बहुतेक वेळा साधी बसायचीच बस. तिथे मानेला अडकवायची उशी ही चैन नाही, गरज आहे. तीही हनुवटीखाली आधार देणारी हवी. फक्त मागून आधार असला की डोकं पुढे लोंबकळतं आणि दर पंधरा मिनिटांनी जाग येते.

आता एसी. रात्रीच्या बसमध्ये जुलाबाइतकीच भीती थंडीची बाळगावी, कारण दोन्हीला गाडी थांबत नाही. पहाटे चारच्या सुमारास शरीराचं स्वतःचं तापमान सगळ्यात खाली येतं आणि बाहेरची हवाही गारठलेली असते, पण एसी मध्यरात्रीच्याच आकड्यावर चालू असतो. मिळणारी चादर पातळ असते आणि धुतलेली असेलच असं नाही. मोजे, कानटोपी आणि स्वतःची शाल इतकं पुरतं. वरचा व्हेंट फिरवून बंद होतो; बसल्या बसल्या तो फिरवून बघावा. फिरकी तुटलेली असेल तर तेव्हाच क्लीनरला सांगावं. रात्री दोन वाजता अंधारात तो ऐकणार नाही. जाळीत रुमाल कोंबणं हा शेवटचा उपाय, आणि तो बहुतेक वेळा चालतो.

तिकिटाचे दर मागणीप्रमाणे वरखाली होतात. शुक्रवारी आणि रविवारी रात्री चढे, मंगळवार-बुधवारी उतरलेले. पहिल्या पानावर दिसणारा आकडा अंतिम समजू नका. सीट निवडण्याचे वेगळे, जादा बॅगेचे वेगळे, बुकिंग शुल्क वेगळं, वरून आधीच टिक केलेला विमा. सगळं मिळून पैसे भरायच्या पानावर जे उरतं, त्याचीच तुलना करावी. त्यातही मधली सीट निवडण्याचे पैसे द्यावेत, बाकीचं काढून टाकावं. तिकीट रद्द करण्याचे नियम टक्क्यांत नाही, तासांत वाचा: सुटायच्या किती तास आधीपर्यंत किती परत.

दुसरी मेख अशी की तिकीट विकणारा, गाडीवर ज्याचं नाव रंगवलंय तो आणि गाडीचा मालक हे तीन वेगळे असू शकतात. फ्लिक्सबससारखी मोठी कंपनीसुद्धा बहुतांश गाड्या स्थानिक भागीदारांकडून चालवून घेते. त्यामुळे फोटोतली गाडी आणि समोर आलेली गाडी वेगळी निघाली तर तक्रार कुणाकडे, हे तिकिटावर आधीच बघून ठेवावं. अभिप्राय वाचताना सरासरी तारे सोडा. त्याच सुटण्याच्या वेळेच्या गाडीचे गेल्या महिन्यातले अभिप्राय वाचा आणि ‘एसी’, ‘उशीर’, ‘थांबवली नाही’ हे शब्द शोधा.

पिकअप पॉइंटकडे लोक दुर्लक्ष करतात. पहिल्या थांब्यावर चढलात तर गाडी शहरातून रांगत, प्रवासी गोळा करत तास-दीड तास काढते. तोवर दिवे चालू, झोप नाही. हायवेला लागण्याआधीच्या शेवटच्या थांब्यावर चढलं की हा वेळ वाचतो. तोटा इतकाच की तोपर्यंत डिकी भरलेली असते आणि गाडी उशिरा आली तर रस्त्याच्या कडेला उभं राहावं लागतं. सामान थोडं असेल तर शेवटचा थांबा, मोठ्या बॅगा असतील तर पहिला.

अंतराचं गणितही यालाच जोडून येतं. या सेवेला आठ ते दहा तासांचा प्रवास मानवतो. सहा तासांपेक्षा कमी असेल तर गाडी पहाटे चारला आणून सोडते, तेही शहराबाहेर. रात्री रस्ते मोकळे असल्याने गाडी वेळेआधी तासभर पोचणं ही नेहमीची गोष्ट आहे. ऐकायला छान वाटतं, पण पावणेपाचला अंधारात उतरवल्यावर कळतं की ही काही भेट नव्हे. बारा तासांच्या वर गेलं की कंबर बोलू लागते आणि ट्रेनचं तिकीट मिळत असेल तर तेच घ्यावं. ट्रेनमध्ये निदान उठून चालता येतं आणि टॉयलेट असतं.

बसमध्ये टॉयलेट असलं तरी ते कुलूपबंद असू शकतं आणि चालू असलं तर आजूबाजूच्या सीट वासाने नकोशा होतात. निघण्याआधीचे दोन तास पाणी घोट-घोटच प्यावं. मधला थांबा वीस-तीस मिनिटांचा असतो. उतरताना नंबर प्लेटचा फोटो काढा, कारण त्याच रंगाच्या चार गाड्या शेजारी लागलेल्या असतात आणि आपली गाडी डिझेल भरायला पलीकडे गेलेली असते. क्लीनर डोकी मोजतो, पण अंधारात पडदा ओढलेल्या बर्थवर माणूस आहे की नुसती चादर, हे त्यालाही दिसत नाही. शेजाऱ्याला सांगून उतरणं हाच खरा विमा.

सामानाचं म्हणाल तर डिकीत टाकलेल्या बॅगेची पावती किंवा टॅग मागून घ्यावा. वाटेत प्रत्येक उतरणाऱ्यासाठी डिकी उघडते. चोरीपेक्षा चुकून दुसऱ्याची बॅग जाण्याचे प्रकार जास्त. काळ्या बॅगेला रंगीत फडकं बांधलं तरी पुष्कळ झालं. पैसे, फोन आणि कागदपत्रं अंगावरच्या छोट्या पिशवीत, आणि ती पिशवी खिडकीकडच्या बाजूला, पॅसेजकडे नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत स्लीपरचं दुखणं खरं आहे. पॅसेज अरुंद, बर्थ उंच, त्यामुळे बाहेर पडायला वेळ लागतो. २०११ मध्ये चीनच्या हनान प्रांतात बेकायदा नेलेल्या ज्वलनशील रसायनांमुळे स्लीपर बस पेटली आणि ४१ जण दगावले. २०१२ मध्ये तिथे नव्या स्लीपर बस बनवणं आणि विकणंच थांबवण्यात आलं. बसल्यावर दोन मिनिटं खर्च करून आपत्कालीन दार कुठे आहे, काच फोडायचा हातोडा जागेवर आहे की नुसता खोबणीचा ठसा उरलाय, आणि पॅसेजमध्ये पार्सलची खोकी रचलीत का, एवढं बघावं. खोकी असतील तर हटवायला लावावीत. पट्टा असेल तर झोपूनही लावता येतो.

ड्रायव्हर दोन आहेत का, हे सरळ विचारावं. युरोपीय संघात साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे आणि दिवसाची मर्यादा ९ तासांची, आठवड्यातून दोनदाच १०. नियम कुठलाही असो, दहा तासांच्या रात्रीसाठी एकच ड्रायव्हर असेल तर ते तिकीट स्वस्त का आहे ते कळतं.

उतरताना शहरातला पहिला थांबा की शेवटचा, हे रात्रीच ठरवून क्लीनरला सांगून ठेवावं आणि ठरलेल्या वेळेच्या एक तास आधीचा गजर लावावा. बूट शोधायला अंधारात पाच मिनिटं जातात, तेवढी गाडी थांबत नाही.